छपराखालची गरम हवा आणि पहाटे साडेपाचची फरशी



आमच्या कॉलनीतल्या मंदिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले पंधरा दिवस एका पंख्याची चर्चा चालू आहे. आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. मंदिराच्या गच्चीवर काही वर्षांपूर्वी स्वाध्याय भवन बांधलं. साधारण चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद, चार इंची विटांच्या भिंती, वर निळा पत्रा, त्याखाली पांढरं पीव्हीसी सीलिंग आणि दोन्हींच्या मध्ये दीड-दोन फुटांची पोकळी. पौषात आर्यिका माताजींचा संघ येऊन राहिला तेव्हा पहाटे तिथे पाय ठेववत नव्हता. आणि वैशाखात मुलांचं संस्कार शिबिर असतं तेव्हा त्याच खोलीत दुपारी दोनला बसवत नाही.

समाजातल्या एका घरचा मुलगा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असतो. त्याने व्हिडिओ पाठवला. तिकडे घरांच्या छपराच्या पोकळीत एक पंखा बसवतात, उन्हाने तापलेली वरची हवा गाळणीतून गाळून पाइपने खालच्या खोल्यांत सोडतात. पंखा पन्नास-साठ वॉटचा, म्हणजे आपल्या छताच्या पंख्याएवढी वीज. "फुकटची ऊब" असं वर लिहिलेलं. दानी कुटुंब खर्च द्यायला तयार आहे, कमिटी खूश आहे, आणि संक्रांतीनंतरच्या सभेत ठराव येणार आहे.

मला त्या दानाबद्दल आदर आहे. कल्पना वेडगळ आहे असंही मी म्हणत नाही. पण तो पैसा पंख्यात न घालता छपरात घालावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे आज सविस्तर लिहिते. त्या भवनात सर्वांत जास्त वेळ आपण बायका बसतो. सकाळचं पूजापाठ आपलं, दुपारचा स्वाध्याय आपला, पाठशाळेच्या मुलांना सांभाळणंही आपल्याकडेच. बांधकामाची सभा मात्र रात्री नऊला असते, आणि तिथे चहा द्यायला गेलेली बाई तेवढी हजर असते.

तर आधी गरम हवेचंच बघू. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारचा पारा अठ्ठावीस-एकोणतीसवर असतो आणि पहाटे दहा-बाराच्या घरात उतरतो. एखाद्या वर्षी आणखी खाली. म्हणजे आपली थंडी दिवसाची नाहीच, ती पहाटेची आहे. रात्री दोन ते सकाळी आठ. आणि पत्र्याखालची हवा कधी तापते? सकाळी दहा-अकरानंतर. दुपारी तीनला त्या पोकळीत हात घातला तर पापड भाजावा अशी धग लागते. संध्याकाळी सूर्य कलला की तासा-दीड तासात ती गेली. ज्या वेळी ऊब आहे त्या वेळी आपल्याला ती नको, आणि हवी असते तेव्हा वर काही नसतं.

काही नसतं एवढंही बरं. पण पहाटेचा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार असतो. स्वच्छ रात्री पत्रा आपली सगळी उष्णता उघड्या आभाळाकडे टाकत राहतो, त्याच्यात साठवण अशी काही नसतेच. म्हणून तर थंडीच्या दिवसांत सकाळी पत्र्याच्या खालच्या बाजूने दवाचे थेंब टपकतात. ज्यांच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे त्यांनी वाळत घातलेली चादर सकाळी दमट का लागते, ते आठवावं. त्या वेळी तो पंखा चालू राहिला तर तो माताजींच्या डोक्यावर पोकळीतली गार, दमट हवा ओतेल. पंख्याला तापमान बघून बंद होणारं बटण असतं, हे मान्य. बंद झाला म्हणजे गारठा मूळ जागी.

आता कुणी म्हणेल, दुपारची गरम हवा खोलीत भरून ठेवू, दारं-खिडक्या लावून घेऊ, रात्री उपयोगी पडेल. इथे एक हिशेब करून बघा, मला तो फार मजेशीर वाटला. आपलं भवन दहा फूट उंच धरलं तर त्यात दहा हजार घनफूट हवा मावते. त्या सगळ्या हवेला एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साधारण ऐंशी लिटर पाणी एक अंश तापतं. म्हणजे अंघोळीच्या चार-पाच बादल्या! अख्ख्या सभागृहातली हवा ऊब साठवण्याच्या कामात चार-पाच बादल्यांच्या बरोबरीची. दार दोनदा उघडलं की संपली. त्या उलट, त्याच खोलीतली फरशी घ्या. एक इंच जाडीची शहाबादी असेल तर ती एकटी त्या सगळ्या हवेच्या सुमारे पंधरापट ऊब पोटात ठेवते.

म्हणून पहिला मुद्दा असा की ऊब हवेत साठत नाही. दगडात, विटेत, मातीत, पाण्यात साठते. गरम हवा ही फार तर हमाल आहे, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यायला खाली कुणीतरी जाडजूड हवं.

लडाखमध्ये हे फार छान केलं आहे. लेहजवळ फे गावी सेकमोल नावाची शाळा आहे, सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली. जाड मातीच्या भिंती, तोंड दक्षिणेला, हिवाळ्यात दक्षिणेच्या बाजूला प्लास्टिकचं पारदर्शक आवरण लावून आत उन्हाची हवा तापवतात. बाहेर शून्याच्या खाली पंधरा अंश असताना आत मुलं स्वेटरवर अभ्यास करत बसतात. तिथेही उन्हाने तापलेली हवाच वापरली आहे, पण ती ऊब धरून ठेवायला फूट-दीड फूट माती आहे. आपल्या चार इंची भिंतीला आणि पीव्हीसीच्या पट्ट्यांना तोच पंखा जोडला म्हणून ते लडाख होत नाही.

आणि न्यूझीलंडचं म्हणाल तर तिथल्या सरकारी मार्गदर्शनातही अशा यंत्रांना घर तापवण्याचं साधन मानलेलं नाही, आणि छपराच्या पोकळीतली हवा म्हणजे बाहेरची ताजी हवा नव्हे असंही स्पष्ट सांगितलं आहे. तिथे ती प्रामुख्याने काचांवर साचणारा ओलावा कमी करायला लावतात. त्यांच्या घरांचा त्रास ओल हा आहे. आपला त्रास वेगळा आहे.

ती हवा कशी असते, हेही आपण बायकांनीच सांगायला हवं, कारण सीलिंगची पट्टी निसटली की खालचा कचरा आपणच झाडतो. कबुतरांची विष्ठा, उंदरांच्या लेंड्या, गांधीलमाशीची पोळी, वर्षानुवर्षांची धूळ. जुन्या इमारतींत वर करड्या रंगाचे सिमेंटचे नालीदार पत्रे असतात, त्यांत बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. त्याचे बारीक तंतू श्वासावाटे आत गेले तर कर्करोगाचा धोका असतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे. ज्यांच्या घरावर, गोठ्यावर, वाड्याच्या मागच्या पडवीवर असे पत्रे आहेत त्यांनी तिथली हवा खोलीत खेचण्याचा विचारही करू नये. आणि हौसेने ते पत्रे फोडूही नयेत.

आपल्याच पद्धतीचा आणखी एक मुद्दा आहे. अंधारी, उबदार, बंद पोकळी म्हणजे जीवजंतूंना आमंत्रण. आधी आपण ती पोकळी उघडी ठेवतो, तिथे पिल्लं होतात, मग वास येतो, मग कुणीतरी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतं. मंदिराच्या गच्चीवर! पंखा लावला तर त्याच्या पात्यांत काय काय येईल ते वेगळंच. जिथे हवा यायची-जायची तिथे पहिल्या दिवशीच बारीक जाळी बसवली, तर पुढचं सगळं टळतं. जाळीचा खर्च पंख्याच्या मानाने काहीच नाही, पण अंदाजपत्रकात जाळी नाही, पंखा आहे.

आता जुन्या घरांकडे येते, कारण माझ्या डोक्यात हा विषय तिथूनच सुरू होतो. माझं माहेर खेड्यातलं, माळवदाचं. मराठवाड्यातल्या बहुतेकींना माळवद माहीत आहे. लाकडी तुळया, वर लाकडाच्या बारीक फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर हात-दीड हात पांढरी माती चोपून बसवलेली. भिंती दोन-दोन फूट. छताला मध्येच एक भोक, त्याला आमच्याकडे सानं म्हणत. उजेड तिथून यायचा, चुलीचा धूर तिथून जायचा, आणि पावसाळ्यात किंवा थंडीच्या रात्री आजी वर फरशी सरकवायला लावायची. दीड फूट माती तापायला वेळ घेते. दुपारी वर पडलेलं ऊन खालपर्यंत पोचायला दहा-बारा तास लागतात, म्हणजे ते पहाटे पोचतं. आजच्या पाच-सहा इंची स्लॅबमधून तेच ऊन तीन-चार तासांत खाली उतरतं, म्हणून उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर रात्री आठला छताखाली उभं राहिलं की डोकं तापतं. आणि पत्र्यातून? तिथे थांबायचं नावच नाही, ऊन पडलं की उतरलं.

पण माळवदाच्या आठवणींत रमणाऱ्या सगळ्यांना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवून द्यावीशी वाटते. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं गेली, आणि त्यातली कितीतरी त्याच जड मातीखाली आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंतींखाली झोपेत गेली. त्यानंतर आपल्या लोकांना माळवदाची भीती बसली आणि गावोगाव पत्रे आले. ती भीती खोटी नव्हती. मी कुणाला पुन्हा डोक्यावर माती घ्या म्हणणार नाही. हलकं छप्पर हवंच. फक्त माळवद जे काम गुपचूप करत होतं ते काम आता कुणीच करत नाही, एवढं तरी आपल्या लक्षात यावं.

आपल्या शहरात या कामाचे आणखी दोन धडे आहेत आणि दोन्ही आपण पाहुण्यांना दाखवून आणतो. पाणचक्कीला गेलात तर तो मोठा हौद दिसतो. त्या हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी ऊन झेलतं आणि खालचं दालन थंड राहतं. तीन शतकांपूर्वीच्या लोकांना कळलं होतं की या गावात घर सांभाळायचं म्हणजे आधी छप्पर सांभाळायचं. दुसरा धडा वेरूळचा. आपल्या लेण्या, तीस ते चौतीस क्रमांकाच्या. इंद्रसभेत मे महिन्यात शिरा किंवा जानेवारीत शिरा, आतली हवा दोन्ही वेळा सुसह्य लागते. डोक्यावर अख्खा डोंगर आहे, तो एका ऋतूत तापत नाही आणि एका रात्रीत निवत नाही. अशा जागा साधनेसाठी निवडल्या गेल्या याचं मला नवल वाटत नाही. ज्यांनी पंखा, शेगडी, पांघरूण काहीच घ्यायचं नाही असं ठरवलं, त्यांना भिंत आणि छप्पर एवढंच उरतं.

इथे कमिटीतल्या एका काकांनी ग्रुपवर लिहिलेलं उत्तर आठवतं. "शीत आणि उष्ण हे परीषहच आहेत, महाराज-माताजी ते समभावाने सहन करतात, आपण कशाला एवढा विचार करायचा?" काका, परीषह सहन करणं हे त्यांचं व्रत आहे. ते सहन करायला लावणारा पत्रा बसवणं हे आपलं व्रत नाही. शिवाय पाठशाळेतल्या दुसरीतल्या मुलांनी आणि ऐंशी वर्षांच्या आजींनी असलं कोणतंही व्रत घेतलेलं नाही.

दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. साधूंसाठी म्हणून मुद्दाम केलेली सोय त्यांना चालत नाही, उद्दिष्टाचा दोष लागतो. मग "माताजींसाठी गरम हवेचं यंत्र" अशी पाटी लावून दान घेणं कितपत योग्य, याचा विचार जाणत्यांनी करावा. मी एवढंच म्हणते की भवन आपलं आहे, आपल्या स्वाध्यायासाठी, मुलांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. ते आपल्यासाठी नीट बांधू. जो संघ येईल त्याला त्यातच निवारा मिळेल. बटण दाबायची वेळच येणार नाही अशी वास्तू असली तर वादही उरत नाही.

यंत्रापेक्षा छपरावर माझा भर आहे त्याचं आणखी एक कारण. खोली तापवायला दोन हजार वॉटचा हीटर तीन तास लावला की सहा युनिट गेले. महाराष्ट्रातली वीज अजूनही बरीचशी कोळशावर होते, आणि त्यातलं परळीचं केंद्र तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. चूल डोळ्यांसमोर नाही म्हणून अग्नी पेटलेला नाही असं होत नाही. अग्निकायिक जीवांचा विचार करणाऱ्या आपल्या घरांनी हे बटण दाबताना तरी लक्षात ठेवावं. पन्नास वॉटच्या पंख्याला मी या तराजूत टाकत नाही, तो खरोखर कमी वीज खातो. माझी तक्रार फक्त एवढीच की तो नको त्या वेळी चालेल.

मग करायचं काय? मी सभेत जे मांडणार आहे ते इथे सांगते, तुमच्याकडच्या भवनांनाही लागू पडेल.

सर्वांत आधी उन्हाळा. आपल्या गावात मेच्या १९-२० तारखेच्या सुमारास भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत भिंतींवर ऊन कमी आणि छपरावर सगळं. हजार चौरस फुटांच्या छपरावर निरभ्र दुपारी पडणारं ऊन म्हणजे दोन हजार वॉटचे चाळीस-पंचेचाळीस हीटर एकदम लावल्यासारखं असतं. त्याखाली ऐंशी मुलं आणि चार पंखे! पत्र्याला वरून पांढरा रंग दिला की यातलं निम्म्याहून बरंच जास्त ऊन वरच्यावर परत जातं. दर एक-दोन वर्षांनी धुऊन पुन्हा हात फिरवावा लागतो, कारण आपल्या धुळीने पांढऱ्याचा लगेच खाकी होतो. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी वेगळं कूल रूफ धोरणच आणलं. आपल्याला धोरणाची वाट बघायची गरज नाही, चार डबे आणि दोन रंगारी पुरतील. पत्र्याचा निळा रंग कुणाला इतका आवडला होता ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

मग ती पोकळी. तिच्या दोन्ही टोकांना, म्हणजे उताराच्या खालच्या कडेला आणि वरच्या कडेला, जाळीच्या आत झडपा बसवायच्या. साध्या, दोरीने उघडणाऱ्या. फाल्गुनापासून पावसापर्यंत त्या उघड्या. तापलेली हवा वरच्या फटीतून आपोआप निघून जाते, खालून नवी येते, पंख्याचं काम नाही. कार्तिक सरला की झडपा बंद. मग पोकळीत अडकलेली हवा सीलिंगवर दुलईसारखी राहते. सीलिंगच्या वर इन्सुलेशनचा थर घातला तर दोन्ही ऋतूंत सगळ्यात जास्त फायदा त्याचाच. फक्त उघडं थर्माकोल नको. भवनात आरतीचे दिवे असतात, वर विजेच्या तारा असतात आणि थर्माकोल भडकतं. दगडी लोकरीसारखं न जळणारं काही घ्या, आणि ते नीट बंद करून घ्या, म्हणजे तंतू खाली पडणार नाहीत.

आणि दुपारची ऊब खरोखर वापरायचीच असेल तर दक्षिणेच्या भिंतीला मोठी काचेची खिडकी काढा. डिसेंबरात आपल्याकडे भरदुपारी सूर्य दक्षिणेला अर्ध्या आभाळावर असतो, साधारण सत्तेचाळीस अंशांवर. ऊन थेट फरशीवर पडतं. मेमध्ये तो डोक्यावर असल्यामुळे वर दोन फुटांचा सज्जा असला की आत येत नाही. कसलं यंत्र नको, सूर्य स्वतःच झडप उघडतो आणि लावतो. सकाळी अकरा ते चार जाजम गुंडाळून ठेवायचं, फरशी उघडी राहू द्यायची. चारला खिडकी बंद, जाड पडदा ओढायचा, आणि झोपायच्या बाजूला जाजम परत घालायचं. (वास्तुवाले दक्षिणेला खिडकी नको म्हणतात. त्यांना एकदा पौषातल्या पहाटे पाच वाजता त्या भवनात सामायिकाला बसवावं.)

याने भवन रात्रभर उबदार राहील असं मी सांगणार नाही. चार इंची भिंत आहे ती आहे. पण फरशी बर्फासारखी लागणार नाही, आणि पहाटेच्या गारठ्याची धार बोथट होईल. बाकीचं काम लाकडी पाट, चटई आणि दारांच्या फटी बुजवणं यांनी होतं. दाराखालची बोटभर फट रात्रभर जेवढी ऊब बाहेर नेते तेवढी कुठलाच पंखा आणून देत नाही.

घरच्यांसाठीही थोडं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनो, फॉल्स सीलिंग केलं म्हणजे छप्पर झालं असं समजू नका. त्याच्या वरचा स्लॅब तापतोच, आधी गच्चीवर पांढरा रंग द्या. छपराची ऊब खाली आणायची तर ती हवेपेक्षा पाण्यातून आणणं कधीही सोपं. सोलरचं पाणी हेच तर करतं. एक लिटर पाण्यात जेवढी ऊब मावते तेवढी साडेतीन हजार लिटर हवेत. माझ्या सासूबाईंना सोलरच्या टाकीतलं पाणी पिण्याला चालत नाही, ते न गाळलेलं म्हणून. पण संध्याकाळी त्याच पाण्याने भरलेली रबरी पिशवी गोधडीत घातली की त्या कुरकुर न करता झोपतात. वयस्कर माणसांना खोली गरम लागत नाही, पाय गरम लागतात.

आणि एक गोष्ट अगदी हात जोडून. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, गुंगी येते आणि माणूस उठत नाही. बाळंतिणीच्या खोलीत अजूनही काही घरांत शेगडी असते. खिडकी उघडी ठेवून, जागं माणूस जवळ असताना, आणि झोपायच्या आधी बाहेर. यात तडजोड नको.

सभा रविवारी रात्री नऊला आहे. वेळ दुपारी चारची करा असं मी ग्रुपवर लिहिलं आहे, चौघींनी अंगठा दाखवला, आणखी दहा-बाराजणींनी दाखवला तर बदलेल. दानी कुटुंबाच्या वहिनींशी मी बोलले आहे, त्यांना पाटीवर "पंखा" लिहिलं काय आणि "छप्पर" लिहिलं काय, फरक पडत नाही असं त्या म्हणाल्या. रविवारच्या आधी एक दिवस पहाटे साडेपाचला आणि त्याच दिवशी दुपारी तीनला भवनात आणि सीलिंगच्या वर, अशा दोन्ही ठिकाणी पारा मोजून घेऊ, म्हणजे सभेत आवाज चढवावा लागणार नाही. थर्मामीटर मी आणते, मोजमापाची टेपही आहे. शिडी धरायला दोघीजणी लागतील.